मागचं एकच चाक तापतंय?

एस्प्लनेडच्या सिग्नलला थांबलो आणि जळका वास आला. गाडी जुनी ऑक्टाव्हिया. उतरून हात जवळ नेला, लावला नाही: मागचं डावं चाक तापलेलं, उजवं बरंच गार. मेकॅनिक म्हणाला, कॅलिपर बदला. म्हटलं, थांब.

पुढच्या चाकांना दगड लावा, मागचं उचला, हँडब्रेक सोडा. कॅलिपरवरची लिव्हर पूर्ण मागे येते का पाहा. नसेल येत, तर केबल सोडवा. आता आली, तर दोष केबलचा. तरीही अडली, तर कॅलिपरचाच. लिव्हर ठीक असून चाक जड फिरत असेल, तर स्लाइड पिना बघा.

माझी केबल गंजली होती. कलकत्त्याचा पावसाळा, गाडी हँडब्रेक लावून महिनाभर उभी, चूक माझीच.

आणि हो, पॅड बदलताना हिचा मागचा पिस्टन नुसता दाबायचा नाही, फिरवत आत न्यायचा. पूर्वी एकाने सी-क्लॅम्पने दाबला होता. तो कॅलिपर मात्र बदलावाच लागला.