भिंतीतली टेलिफोनची तार आणि रेडिओची खरखर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



तुमच्या बैठकीच्या खोलीत, टीपॉयच्या मागे किंवा दाराजवळ, भिंतीवर एक लहानशी पांढरी डबी अजून असेल. लाइनमन तिला रोझेट म्हणत. तिच्यातून निघालेली बारीक तार चौकटीच्या कडेने खिडकीबाहेर जाते. टेलिफोन केव्हाच परत केला, पण तार राहिली. २००६च्या सुमारास आपल्या देशात पाच कोटींच्या आसपास तारेचे टेलिफोन होते. पुढे घराघरात मोबाइल आला, इंटरनेटसाठी काचतंतूची जोडणी आली आणि तांब्याची ही जोडी भिंतीवर रंगाचे थर चढवून घेत पडून राहिली. आज तिच्याविषयी बोलायचे आहे. कारण टेलिफोनच्या दृष्टीने ती निकामी झाली असली, तरी रेडिओच्या दृष्टीने झालेली नाही.

वयस्कर श्रोत्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते. ‘पूर्वी वाड्यात असताना मीडियम वेव्ह खणखणीत लागायची, आता फ्लॅटमध्ये नुसती खरखर.’ मुले सांगतात, मोबाइलवर ऐका. दुकानदार सांगतो, सेट जुना झाला. काही जण तर केंद्रच बंद पडले असे समजतात आणि वर्षानुवर्षांची सोबत सुटते. प्रत्यक्षात पुष्कळदा सेट धडधाकट असतो. बिघडलेले असते ते घर!

ते कसे, पाहू. पुणेकरांच्या कानांत बसलेला ७९२ किलोहर्ट्झ हा आकडा घ्या. त्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर भरते. एफएमची लहर असते साधारण तीन मीटरची. ती खिडकीतून, दारातून आत शिरते. पावणेचारशे मीटरच्या लहरीला आपली खिडकी म्हणजे सुईचे नेढे. त्यात चारी बाजूंच्या खांबांत, तुळयांत आणि डोक्यावरच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळयांचे जाळे. आपण एका पिंजऱ्यातच राहतो म्हणा ना! वाड्याच्या लाकडी खणांना आणि कौलांना ही अडचण नव्हती.

शिवाय व्हॉल्वच्या रेडिओला एरियल असे. तांब्याच्या जाळीची ती पट्टी माळवदावर किंवा माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली कित्येकांना आठवत असेल. ट्रान्झिस्टर आला आणि एरियल पोटात गेली. आत बोटभर जाडीची, वीतभरही नसलेली फेराइटची काळी कांडी असते. तिच्यावर तार गुंडाळलेली असते. ही कांडी मोठी गुणी, पण तिला दिशा कळते. केंद्राकडे तिचे टोक वळले की आवाज पडतो, ती आडवी झाली की उठतो. म्हणून आजोबा ट्रान्झिस्टर फिरवून फिरवून ठेवत. पिंजऱ्यात मात्र फिरवूनही फार उपयोग होत नाही. तिथे पिंजऱ्याबाहेर हात काढणारे काहीतरी हवे, आणि टेलिफोनची तार नेमकी बाहेरून आत आलेली असते.

आता कोणी विचारील, ही तार जर रेडिओच्या लहरी पकडते, तर मग टेलिफोनवर बोलताना गाणी का ऐकू येत नसत? प्रश्न रास्त आहे. टेलिफोनला एक नव्हे, दोन तारा लागतात, आणि त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. ही युक्ती खुद्द ग्रॅहम बेलची, १८८१च्या पेटंटातली. बाहेरची लहर दोन्ही तारांवर सारखीच पडते. टेलिफोन फक्त दोघींमधला फरक ऐकतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखेच वजन टाकले, तर काटा हलत नाही, तसे हे आहे. पण तराजू ज्या हुकाला टांगला आहे त्या हुकाला विचारा. त्याच्यावर दोन्ही पारड्यांचा भार पडलेलाच असतो. टेलिफोन काटा वाचतो, रेडिओला हुकावरचा भार पुरतो. दोन्ही तारा मिळून रेडिओपुरती एक लांब एरियल होते, ती अशी.

हा तोल नेहमीच नीट राहत असे असेही नाही. प्रक्षेपण मनोऱ्याच्या आसपास राहणाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक टेलिफोनमध्ये बोलण्याच्या मागे मंद आवाजात निवेदन ऐकू येई. टेलिफोनच्या आतले अर्धवाहक भाग नकळत रेडिओच्या शोधकाचे काम करत. ब्रॉडबँड याच तारेवरून आला, तेव्हाही हाच प्रश्न होता. डीएसएल मोडेम साधारण ११०० किलोहर्ट्झपर्यंतच्या आणि नंतरच्या पिढीत त्याच्या दुपटीपर्यंतच्या कंप्रता वापरतो. मीडियम वेव्हची केंद्रे तर ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झमध्ये बसलेली. म्हणून मोडेम तार तपासून, जिथे एखादे केंद्र दणकून वाजते आहे तेवढ्या जागी कमी माहिती पाठवतो. इंटरनेट आणि आकाशवाणी एका तारेवर असे शेजार करत होते!

या गोष्टीचा फायदा मुलांनी फार पूर्वीच घेतला होता. अमेरिकेत १९५०च्या दशकात अग्निबाणाच्या आकाराचे क्रिस्टल रेडिओ खेळणी म्हणून मिळत. त्यांना ना सेल, ना वीज. कानात एक बोंडुक, आणि तारेच्या टोकाला चिमटा. तो चिमटा टेलिफोनच्या तबकडीवर बोट अडवणाऱ्या धातूच्या पट्टीला लावला की स्थानिक केंद्र ऐकू येई. ती पट्टी आतल्या तारांना थेट जोडलेली नसते, पण नुसत्या शेजारानेही रेडिओचा प्रवाह एकीतून दुसरीत उतरतो. क्रिस्टलच्या या शोधकाचे पेटंट अमेरिकेत १९०४ मध्ये मिळाले ते आपल्या जगदीशचंद्र बोसांना, हे जाता जाता सांगायला हवे.

आता आपल्या घरातल्या तारेकडे वळू. टेलिफोन अजून चालू असेल, तर तारेला काहीही जोडू नका. तिच्यावर कायम ४८ व्होल्टचा दाब असतो, घंटी वाजताना तो ७५ व्होल्टच्या आसपास जातो. शिवाय एका तारेचा जमिनीशी संबंध आला की लाइन बिघडते. अशा घरी फक्त ट्रान्झिस्टर तारेला खेटून ठेवून पाहा. तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बांगडीसारखे गोल असते, म्हणून सेटमधली कांडी तारेला समांतर नको, आडवी हवी. आमच्या शेजारच्या आजी रेडिओ टेलिफोनच्या टेबलावरच नीट लागतो असे म्हणत, तेव्हा घरचे हसत. आजींचे बरोबर होते.

टेलिफोन बंद असेल, तर अधिक करता येते. पण आधी ती तार खरोखर आपल्या बंद टेलिफोनचीच आहे, सोसायटीच्या इंटरकॉमची नाही, याची खात्री करा. बाहेरची तार कंपनीची असते. म्हणून लाइनमनला सांगून ती खाली डीपी बॉक्सपाशी सोडवून घ्या. म्हणजे बाहेरच्या भिंतीवरचा तुकडा तुमच्याकडे राहतो, आणि खरे काम तोच करतो. तार खांबावरून अधांतरी आली असेल, तर मात्र हा नाद सोडा. विजेच्या तारेशी तिची गाठ पडण्याचा धोका असतो. रोझेटमध्ये दोन्ही तारांची टोके एकत्र पिळा आणि त्यांना प्लॅस्टिकच्या आवरणाची चार-पाच मीटर तार जोडा. तिचे सहा-सात वेढे, पुडक्याला सुतळी बांधावी तसे, ट्रान्झिस्टरभोवती द्या. कांडी वेढ्यांच्या मधोमध आली पाहिजे. कांडी सहसा सेटच्या वरच्या कडेला लांबीत बसवलेली असते. तारेचे उरलेले टोक मोकळे सोडले तरी फरक पडतो. जमिनीत गेलेला जुना लोखंडी नळ असेल आणि टोक त्याला लावले, तर जास्त पडतो. विजेच्या प्लगमधल्या तिसऱ्या भोकाला मात्र कदापि लावू नका. केंद्र अगदी जवळ असेल, तर उलटाच त्रास होतो आणि ते सगळ्या काट्यावर पसरते. अशा वेळी वेढे कमी करावेत.

एवढे करूनही खरखर वाढली, तर? तसे होऊ शकते, कारण तार जे मिळेल ते गोळा करते. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर हे सारे मीडियम वेव्हवर कचरा टाकतात. टेलिफोनची तार विजेच्या नळीतूनच नेलेली असेल, तर तिचा उपयोग कमीच. यावर एक साधी परीक्षा आहे. ट्रान्झिस्टर सेलवर चालू ठेवा आणि घराचा मेन स्विच पाच मिनिटे बंद करा. खरखर थांबली, तर चोर घरातच आहे. मग एकेक वस्तू लावत जा. बहुधा एखादा स्वस्तातला चार्जर सापडतो. माझ्या मते कोणतीही तार जोडण्याआधी ही परीक्षा करावी. कित्येक घरांत तेवढ्यानेच काम भागते आणि पैसाही लागत नाही.

काचतंतूची नवी जोडणी यात उपयोगी पडणार नाही. काचेत रेडिओचा प्रवाह उतरत नाही. तेव्हा घराचे रंगकाम काढाल, तेव्हा रंगारी जुनी तार ओढून भंगारात टाकायच्या आत त्याला थांबवा. आणि वळवाचे ढग जमू लागले, की गडगडाट सुरू होण्याआधीच तारेचे टोक सेटपासून काढून खिडकीबाहेर सोडा. रेडिओ तेवढा वेळ आपल्या कांडीवर वाजेल.