शाळेची दुर्बीण : निवड, निगा आणि निरीक्षण
(हैदराबाद येथील हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दुर्बीण भेट देण्याचे ठरविले असून ती कोणती घ्यावी, हे सांगण्याचे काम मजकडे सोपविले आहे. या मानाबद्दल मी ऋणी आहे. तथापि आरंभीच एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. शाळांना भेट मिळालेल्या अनेक दुर्बिणी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक कार्यालयातील काचेच्या कपाटात पाहिल्या आहेत. पाहुण्यांना चंद्र दाखवून झाला की त्या कुलपात जातात आणि मुलांना त्यांचे केवळ बाह्यदर्शन घडते. म्हणून दुर्बीण कोणती, हे विचारण्याआधी ती वर्षातून किती रात्री अंगणात येईल, हे विचारावे. माझा सारा सल्ला या एका प्रश्नाभोवती आहे.

बाजारात ६० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘पाचशे पट मोठे दाखविते’ असे छापलेले आढळते. या आकड्याला भुलू नये. नेत्रिका बदलून वर्धन हवे तेवढे वाढविता येते. वाढत नाही तो प्रकाश आणि तपशील. व्यासाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट वर्धन उपयोगी पडते. म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीची मर्यादा १२० पट. त्यापुढे केवळ अंधूक डाग मोठा होत जातो. प्रकाश गोळा करण्याची शक्ती व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५० मिलिमीटरचा आरसा ६० मिलिमीटरच्या भिंगाच्या सव्वासहा पट प्रकाश गोळा करतो.

दुसरी गोष्ट बैठकीची. वाऱ्याच्या झुळकेने थरथरणाऱ्या तिवईवर उत्तम भिंगही व्यर्थ जाते. यावर साधा आणि स्वस्त उपाय शोधला तो जॉन डॉब्सन यांनी. सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठात ते १९४४ मध्ये दाखल झाले आणि सुमारे २३ वर्षे मठवासी होते. टाकाऊ काचेचे आरसे घासून आणि लाकडी पेटीसारखी बैठक करून त्यांनी दुर्बिणी बनविल्या, आणि पुढे रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यास ग्रहतारे दाखविले. ती बैठक आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिला वीज लागत नाही, आणि हाताने हलकेच ढकलले की दुर्बीण हव्या त्या दिशेला वळते.

तेव्हा माझी शिफारस अशी : १५० मिलिमीटर व्यासाची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची, डॉब्सन बैठकीची परावर्ती दुर्बीण घ्यावी. सोबत २५ व १० मिलिमीटरच्या दोन नेत्रिका असाव्यात. नाभीय अंतराला नेत्रिकेच्या अंतराने भागले की वर्धन मिळते. येथे ते ४८ आणि १२० पट होईल. नळी व बैठक वेगळी केली की दोन-तीन मोठी मुले ती सहज बाहेर आणतात. उरलेल्या पैशांत १० × ५० ची द्विनेत्री घ्यावी. कृत्तिका पुंज तिच्यातूनच अधिक शोभून दिसतो. संगणकाने आपोआप तारा शोधणारे यंत्र मोहक खरे, परंतु तेवढ्याच किमतीत त्याचा व्यास लहान होतो, आणि आकाश शोधण्याचे काम यंत्र करू लागले की मुलाला आकाश पाठ होत नाही.

आता पाहण्याविषयी. आपल्या शहरात दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची रात्री उष्णता सोडत राहते आणि ग्रहाचे बिंब पाण्यात पडल्यासारखे हलते. त्यापेक्षा मैदानातील मातीची किंवा गवताची जागा बरी. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवावी, म्हणजे आरसा हवेच्या तापमानास येतो. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. विजेरीवर लाल कागद बांधावा आणि मोबाइल खिशात ठेवावा. आरंभ नेहमी कमी वर्धनाने करावा. अंधूक वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे. डोळ्याच्या पडद्याचा कडेचा भाग मंद प्रकाशास अधिक संवेदनशील असतो.

मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. पुस्तकातील रंगीत तेजोमेघ नेत्रिकेत राखाडी धुक्यासारखे दिसतात. देवयानी दीर्घिका हा एक फिकट ढग असतो. पण त्याचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून त्या मुलाच्या डोळ्यात शिरत असतो. हे ठाऊक असले म्हणजे निराशा होत नाही. लग्नात वधूवरांना दाखवितात ती अरुंधती मुलांनी प्रथम नुसत्या डोळ्यांनी ओळखावी आणि मग वसिष्ठावर दुर्बीण रोखावी; ४८ पटीत वसिष्ठाचे दोन तारे झालेले दिसतील. मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेकडे ओमेगा सेंटॉरी हा विशाल तारकागुच्छ शोधावा. लंडनच्या क्षितिजावर तो कधीच येत नाही. आपल्याकडे तो २५ अंश वर चढतो.

कार्यक्रमासाठी दर महिन्याची शुक्ल अष्टमी ठरवून टाकावी. त्या संध्याकाळी चंद्र उंच असतो आणि प्रकाशाच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. कोजागरीचा चंद्र दूध आटविण्यास उत्तम. दुर्बिणीतून तो सपाट दिसतो. दुसरा दिवस अमावास्येजवळचा, अंधूक वस्तूंसाठी.

सूर्याविषयी मात्र कडक नियम हवा. दुर्बिणीच्या तोंडावर पूर्ण व्यासाची प्रमाणित सौरगाळणी घट्ट बसविल्याशिवाय तिच्यातून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. नेत्रिकेला लावायची छोटी काळी काच उष्णतेने तडकते. ती मिळाली तर फेकून द्यावी. शोधक दुर्बिणीवर झाकण असावे.

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते. नेत्रिका सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात. आरशावरील थोडीशी धूळ काही बिघडवीत नाही, रुमालाने पुसणे मात्र बिघडविते.

या शहराला आकाशाचे वेड नवे नाही. १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी येथे दुर्बीण आणून पुढे निजामिया म्हणून प्रसिद्ध झालेल्या वेधशाळेचा पाया घातला; वेणू बाप्पू याच शहरात वाढले. पण आज मला अधिक आठवतात ते बंगालमधील जेसोरच्या सरकारी खजिन्यातील कर्मचारी राधागोविंद चंद्र. महाविद्यालयीन शिक्षण नसताना तीन इंची दुर्बिणीने त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या नोंदी घेतल्या आणि हजारो नोंदी अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघटनेस पाठविल्या. संघटनेने १९२६ मध्ये त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण धाडली. तीच पुढे बाप्पूंकडे गेली. रोज लिहिलेल्या वहीचे हे मोल आहे.

म्हणून देणगीदारांना माझी विनंती आहे की दुर्बिणीबरोबर एक जाड नोंदवही द्यावी. तारीख, वेळ, हवा, वर्धन आणि मुलाने पेन्सिलीने काढलेली आकृती, एवढे तिच्यात असावे. २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याला नेमकी कडेवरून, जवळजवळ नाहीशी झालेली अशी होती; आता ती उघडत आहेत. येत्या जूनमध्ये पाचवीत येणाऱ्या मुलाने दर डिसेंबरला शनीचे एक चित्र काढले, तर दहावी होईपर्यंत कडी रुंदावत गेल्याचा सहा चित्रांचा पुरावा त्याच्या स्वतःच्या हातचा असेल.

आणि शाळेला विनंती : कपाटाची किल्ली विज्ञानाच्या शिक्षकांकडे आणि नववीच्या दोन विद्यार्थ्यांकडे असू द्या. मुलांच्या हातून एखादा ओरखडा पडेल, तो पडू द्या. पुढील वार्षिक संमेलनात दुर्बीण किती चकचकीत राहिली, हे मी पाहणार नाही. वहीची किती पाने भरली, ते पाहीन.