तळ्यात उतरण्याआधी

मुलांनो, सुट्टीत तुम्ही तळ्याकाठी सहलीला जाता. पाणी पाहिले, की डुंबावेसे वाटतेच! म्हणून एक खरी गोष्ट सांगतो.

इंग्लंडमध्ये लंडन शहराच्या कडेला हॅरो आहे. तेथे विल्यम गिल्बर्ट नावाचे प्रसिद्ध नाटककार राहत. त्यांनी आपल्या बागेत तळे करवून घेतले होते. २९ मे १९११ रोजी दोन मुली त्यांच्याकडे पोहायला शिकण्यासाठी आल्या. पाण्यात एकीचे पाय तळाला लागेनात. ती घाबरून ओरडली. ७४ वर्षांचे गिल्बर्ट पोहत तिच्याजवळ गेले. पण तेथेच त्यांचे हृदय बंद पडले. मुलगी वाचली, गिल्बर्ट गेले.

त्यांना पोहता येत नव्हते का? चांगले येत होते! पण थंड पाण्यात एकदम शिरले, की धाप लागते, हृदयावर ताण पडतो. शिवाय गढूळ पाण्यात खोली कळत नाही.

मग कोणी बुडू लागले तर? तुम्ही उडी मारू नका. मोठ्या माणसांना हाका मारा. काठावर पालथे पडून लांब काठी पुढे करा. पोहायला शिकताना आपण पाठीला डबा बांधतो ना? तसा घट्ट झाकणाचा रिकामा डबा दोर बांधून फेका. तो धरून माणूस तरंगतो.

पुढच्या सहलीला डबा कोण घेणार आणि दोर कोण?