नकाशावरचे ठिपके, अडलेल्या नद्या



आज एका नकाशाविषयी बोलू या.
युरोपातल्या ३६ देशांच्या नद्यांचा हा नकाशा.
नाव, अंबर बॅरिअर अ‍ॅटलास.
२०२० साली तो सर्वांसाठी खुला झाला.

फोनवर तो बोटाने मोठा करा.
एखादी नदी धरा.
समुद्राकडून वर चला…
जणू तुम्ही अंडी घालायला निघालेला सामन मासा आहात!

वाटेत ठिपका लागतो.
ठिपका म्हणजे अडथळा.
कुठे धरण, कुठे बंधारा, कुठे रस्त्याखालची मोरी.

गंमत पाहा.
मोठी धरणं सगळ्यांना ठाऊक असतात.
पण बहुतेक अडथळे दोन मीटरहूनही बुटके आहेत!
माशाला अडवायला तेवढेही पुरतात.
पुन्हा सांगते, नदी छोट्या अडथळ्यांनीही तुटते.

आपल्याकडच्या कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यात काढतात.
तेवढे दिवस तरी पाणी मोकळं वाहतं.
तिकडच्या कित्येक जुन्या बंधाऱ्यांना ती सोयच नाही.

आणि हो, ठिपका नाही म्हणून नदी मोकळी समजू नका.
अभ्यासक काठाकाठाने चालत गेले,
तेव्हा नोंद नसलेले कितीतरी अडथळे सापडले.
एकूण अंदाज आहे, दहा लाखांहून जास्त!