अध्यापनाच्या अभ्यासक्रमाची मुलाखत
(विहारातील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मला येथे बोलावले ते शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींशी चार शब्द बोलण्यासाठी. परंतु मी पाहतो की, पुढच्या रांगांत आईबापच अधिक बसले आहेत. हे एका परीने बरेच झाले. मुलाखत मुलाची असते. तिची धास्ती मात्र घरभर पसरलेली असते.

प्रथम एक खुलासा करतो. महाराष्ट्रात बी.एड.चा प्रवेश बहुतांशी सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आणि डी.एल.एड.चा, म्हणजे पूर्वीच्या डी.एड.चा, बारावीच्या गुणांवर होतो. मग मुलाखत कोठे येते? शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी काही विद्यापीठे ती घेतात. व्यवस्थापनाच्या जागांसाठी काही संस्था उमेदवारास समोर बसवितात. आणि पुढे खाजगी शाळेत नेमणूक होताना तर बहुधा ती द्यावीच लागते. अर्ज करण्यापूर्वी आपणांस कोणत्या इयत्ता शिकवावयाच्या आहेत हेही ठरवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ सालच्या निर्णयानंतर पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदास बी.एड. चालत नाही, तेथे डी.एल.एड.सारखी प्राथमिक अध्यापनाचीच पात्रता लागते. हे ठाऊक नसल्यामुळे पैसा आणि वर्षे गमावलेली मुले मी पाहिली आहेत.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगताना अजूनही मान खाली जाते. १९७४ साली मी अशाच एका मंडळापुढे बसलो होतो. विद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. पहिलाच प्रश्न आला, "वडील काय करतात?" माझे वडील नगरपालिकेत झाडूकाम करीत. मी म्हणालो, "शेती." समोरच्या गृहस्थांनी सहज विचारले, "ज्वारीची पेरणी केव्हा करता?" ज्याच्या घरी गुंठाभरही जमीन नाही त्याने काय उत्तर द्यावे? मी गप्प बसलो, आणि पुढच्या साऱ्या प्रश्नांना तसाच गप्प राहिलो. यादीत नाव आले नाही. वडिलांनी कारण विचारले, तेव्हा "गुण कमी पडले" असे सांगितले. खरे कारण त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

पुढे कित्येक वर्षांनी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूस बसू लागलो. एके वर्षी आम्ही प्रत्येकास एकच प्रश्न विचारीत होतो: गणितात मागे पडलेल्या मुलासाठी तुम्ही काय कराल? कोणी फ्रोबेलचे नाव घेतले, कोणी पियाजेचे. पण मुलाचे काय करणार हे सांगेना. मग एक मुलगी आली. तिचे आईबाप वीटभट्टीवर कामास होते. ती म्हणाली, "भट्टीवरच्या मुलांना मी विटांनी अंक शिकविले. दहा विटांची एक चळत. एका मुलाला 'त्रेचाळीस' म्हणता येत नव्हते, पण चार चळती आणि तीन सुट्या विटा तो बिनचूक मांडीत असे. म्हणजे संख्या त्याला समजली होती, शब्द तेवढा राहिला होता." आमच्यातले अतिशय तुसडे म्हणून प्रसिद्ध असलेले एक सदस्य खुर्ची पुढे ओढून तिला आणखी विचारू लागले. दशक आणि एकक इतके स्वच्छ सांगणारा उमेदवार त्या दिवशी दुसरा आला नाही.

तेव्हा तयारी ही अशी करा. जवळच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, आठवडाभर एका वर्गात मागे बसा. कोणते मूल बोलत नाही, कोणाकडे वही नाही, गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा मागच्या बाकावर काय चालते, हे वहीत टिपा. "शिक्षक का व्हावयाचे आहे?" या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत सापडेल, बाजारच्या मार्गदर्शकात नाही.

दहा मिनिटांचा पाठ घ्यावयास सांगितला तर एकच गोष्ट शिकवा, आणि ती मुलाकडून करवून घ्या. किसा गोतमी मेलेले मूल घेऊन भगवंतांकडे आली तेव्हा त्यांनी तिला अनित्यतेवर व्याख्यान दिले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आणावयास धाडले. तिने दारोदार विचारले, आणि जे शिकावयाचे ते ती स्वतः शिकली.

२००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा वाचून जा. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे, १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, आणि त्याच्या १७ व्या कलमाने मुलाला मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेले निवेदनही वाचा. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, आणि शक्यतो शेतकरी वर्गांतून यावेत, म्हणजे ते मुलांत मोकळेपणाने मिसळतील, अशी मागणी त्यांनी त्यात केली आहे.

एखादा सदस्य खोचकपणे विचारील, "धर्म बदलला, मग सवलत कशी?" चिडू नका, लाजूही नका. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात समाविष्ट केले, एवढे शांतपणे सांगा आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहा. मात्र जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र यांसाठी आजच अर्ज करा. तेथे महिने जातात, आणि प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

आईबापांकडे माझे एक मागणे आहे. रोज रात्री जेवणानंतर पाव तास मुलाला समोर बसवा आणि प्रश्न विचारा. आपणांस लिहितावाचता येत नाही म्हणून मागे सरू नका. "आज वर्गात काय पाहिलेस?" हे विचारावयास अक्षरओळख लागत नाही, आणि ज्याला आईस समजेल असे सांगता येते त्याला मंडळासही सांगता येईल.

येत्या रविवारी सकाळी मी येथेच बसणार आहे. ज्यांना सराव करावयाचा आहे त्यांनी वही घेऊन यावे. प्रत्येकाला पहिला प्रश्न मी तोच विचारणार आहे: वडील काय करतात?