गिऱ्हाईक हवे, दाता नव्हे



सयाजीगंज ह्या नावात ‘गंज’ म्हणजे बाजारपेठ. स्त्रिया आणि अपंग ह्यांच्या उद्योगाचा विचार पेठेत उभे राहूनच करणे उचित होय. कारण हुन्नर शिकविता येतो, भांडवलही उभे करता येते. घोडे पेंड खाते ते विक्रीपाशी.

वडोदऱ्यात महाराणी चिमणाबाईसाहेबांनी १९१४ साली स्त्री-उद्योगालय स्थापन केले. त्याआधी १९११ मध्ये हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी सहलेखकासमवेत इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता व स्त्रियांना कोणते व्यवसाय साधतील ह्याचा विचार त्यात केला होता. राजवाड्यातून वर्षासने वाटणे त्यांना अवघड नव्हते. तरी त्यांनी हाताला काम देण्याचा मार्ग पत्करला.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईस गिरगावात ७ गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. उसने घेऊन, हे ध्यानात घ्यावे, देणगी नव्हे. १९६८ मध्ये तो ‘लिज्जत’ उद्योग गुजरातेत वालोडला पोहोचला. त्यातील प्रत्येक भगिनी मालकीण असते. तो पापड कोणी दयेने घेत नाही, रुचीने घेतो.

अपंगांच्या वाटेत मात्र आणखी एक धोंड असते. बाबा आमटे ह्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. महारोगातून उठलेल्या माणसांनी विहिरी खणल्या, खडकाळ रानात भाजी पिकविली. माल ताजा होता, कष्ट प्रामाणिक होते; पण गाव ती भाजी घेईना. १९५४ मध्ये अनेक देशांचे तरुण स्वयंसेवक तेथे श्रमदानास आले. त्यांना निःशंकपणे तेथे राहताना, जेवताना गावाने पाहिले, तेव्हा कोठे भाजीला व दुधाला गिऱ्हाईक लाभले. खोट शेतात नव्हती, घेणाऱ्याच्या मनात होती.

हल्ली ‘अपंग’ शब्द मागे पडून ‘दिव्यांग’ शब्द आला आहे. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के जागाही राखल्या. परंतु जो नोकरी न मागता दुकान मांडतो, त्याचे काय? त्याच्यासमोर गिऱ्हाईक मालाकडे न पाहता त्याच्या कुबडीकडे पाहते, आणि सुटे पैसे परत घेत नाही. त्या उदारतेने कारागिराचा घडीभरात भिक्षेकरी होतो.

तेव्हा घरच्या मंगलकार्यास लागणाऱ्या वाती, पत्रावळी, पिशव्या, पापड-लोणची ह्यांच्याकडून घ्यावी. माल पारखून घ्यावा, उणा असल्यास स्पष्ट सांगून परत करावा, चांगला असल्यास पुढील वर्षाची मागणी आगाऊ नोंदवावी. पैसे मात्र त्याच दिवशी द्यावे. लहान कारागिराला उधारी झेपत नाही.