पहाटे गाडी रुसली तर



पौषातली थंडी गव्हा-हरभऱ्याला मानवते, पण दारातल्या जुन्या पेट्रोल गाडीला काही मानवत नाही. दिवसभर बिनतक्रार पळणारी गाडी पहाटे चार वाजता दोनदा घरघरते आणि गप्प बसते. आणि नेमकी तेव्हाच ती लागते. घरात बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या असतात, नाहीतर टोमॅटो लिलावाच्या वेळेत बाजार समितीत पोचवायचे असतात. त्या वेळी मिस्त्री कुठला मिळायला? म्हणून दोष कुठे आहे हे ओळखायला आपण स्वतःच शिकले पाहिजे.

आज आपण बोलणार आहोत ते कार्ब्युरेटरच्या गाड्यांबद्दल. म्हणजे पद्मिनी, पेट्रोलची अँबेसिडर, जुनी पेट्रोल जीप, जुनी मारुती ८००. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी.

इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात. इंजिन जोरात फिरले पाहिजे, प्लगला ठिणगी पडली पाहिजे आणि पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली पाहिजे. थंडी या तिन्हींच्या आड येते. बॅटरीचा जोर कमी होतो, ऑइल घट्ट होते आणि पेट्रोलची वाफ नीट होत नाही. म्हणून बॉनेट उघडण्याआधी कान द्या.

पहिली खूण : इंजिन फिरतच नाही, किंवा जड फिरते.
हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी खराब आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि आवाजच आला नाही, तर दोष सेल्फच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत शोधा.

पण लगेच नवी बॅटरी आणायला धावू नका. माझ्या ओळखीच्या एका बागाईतदाराने एका हिवाळ्यात नवी बॅटरी घातली आणि आठ दिवसांत गाडी पुन्हा बंद. दोष निघाला बॅटरीपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीत. तिच्या बोल्टखाली गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला, काम झाले. नव्या बॅटरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

तेव्हा आधी टर्मिनल बघा. पांढरा-हिरवा थर दिसला तर वायरी सोडवा, अर्थची आधी. मग कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून थर धुवा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडे करून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

दुसरी खूण : इंजिन छान फिरते, पण पेट घेत नाही.
आता प्लग काढून बघा, सगळा निवाडा तिथेच होतो. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, पण ठिणगी नाही किंवा पेट्रोल जादा झाले आहे.

प्लग ओला निघाला तर ठिणगी तपासा. काढलेला प्लग पुसून जागेवर बसवा. एखादा जादा प्लग वायरीला लावून कार्ब्युरेटरपासून लांब इंजिनच्या लोखंडाला टेकवा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग हाताने धरू नका, आणि सांडलेले पेट्रोल आधी पुसून वाळू द्या. ठिणगी निळी आणि टणक असेल तर ठीक. पिवळी, मरतुकडी असेल तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण आतून कोरड्या फडक्याने पुसा, दव धरलेले असते. झाकणाला चीर नाही ना, पॉइंट जळलेले नाहीत ना, हे पाहा. बॅटरी अर्धवट उतरली असेल तरीही ठिणगी मरते, कारण सगळा करंट सेल्फ ओढून घेतो.

ठिणगी चांगली आणि प्लग ओला, म्हणजे पेट्रोल जादा झाले. चोक आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. अ‍ॅक्सिलरेटर वरखाली करू नका, दर दाबाला आणखी पेट्रोल आत पडते.

प्लग कोरडा असेल तर एअर क्लीनर काढून चोक ओढा. आतली झडप पूर्ण मिटली पाहिजे. केबल घसरली असेल तर बाहेर नुसती मूठ येते, झडप हलत नाही. चोक ठीक असेल तर पेट्रोलची नळी, फिल्टर आणि पंपाचा डायफ्राम बघा.

इथे एक नवी गोष्ट सांगतो. आपल्या उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये असते. २०२५ साली हे मिश्रण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, म्हणून जुन्या गाडीला चोक थोडा अधिक वेळ लागू शकतो. ते पाणी ओढते, आणि जुन्या रबरी नळ्या व डायफ्राम त्याने खराब होतात. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, आणि गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

शेवटी चार पथ्ये सांगतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. सेल्फ मारताना क्लच दाबा. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतू नका आणि इंजिनखाली जाळ करू नका, गाडी पेट घेईल. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका. त्या धुरातला विषारी वायू माणसालाही मारतो आणि गोठ्यातल्या जनावरालाही.

बैलाच्या खुरांकडे आपण पेरणीच्या आधी बघतो, पेरणीच्या दिवशी नाही. गाडीचेही तसेच आहे. दिवाळी झाली की एका दुपारी टर्मिनल, प्लग आणि चोक बघून घ्या, म्हणजे पहाटेच्या अडचणीला ती हाकेला ओ देईल.